भूमध्यसागरी पद्धतीचे सीफूड टोस्ट घरच्या घरी

भूमध्य समुद्राच्या काठावर जेवणाआधी समोर येणाऱ्या छोट्या पदार्थांत भाजलेल्या पावाचे स्थान मोठे आहे. इटलीत ब्रुस्केटा आणि क्रोस्टिनी आहेत, स्पेनच्या कातालोनियात पिकलेला टोमॅटो चोळलेला पाव आहे आणि व्हेनिसमध्ये पेयाबरोबर उभ्या उभ्या खाण्याचे चिकेत्ती आहेत. पाव, ऑलिव्ह तेल, लसूण, काहीतरी आंबट आणि वर समुद्रातले जे ताजे किंवा डबाबंद हाताशी असेल ते, एवढ्याच सामानावर हे टोस्ट उभे राहतात. कृती अवघड नाही. टोस्ट बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे, कारण टोमॅटोचे पाणी, कोळंबीला सुटलेले पाणी आणि गरम पावाची कोंडलेली वाफ या तिघांपैकी एकानेही पाव मऊ पडतो. म्हणून पुढची बहुतेक खबरदारी या ना त्या रूपात पाणी दूर ठेवण्याचीच आहे.

पावापासून सुरुवात करावी. बगेत, चाबाता किंवा सावरडो असा कडक कवचाचा पाव घ्यावा. सँडविचचा मऊ, गोडसर पाव येथे चालत नाही, कारण भाजल्यावरही तो ओलावा झटकन शोषतो. आदल्या दिवशीचा पाव ताज्या पावापेक्षा अधिक चांगला, कारण तो नीट कापला जातो आणि लवकर कोरडा होतो. सुमारे 1 सेंटीमीटर जाडीचे तिरके काप काढून दोन्ही बाजूंना ऑलिव्ह तेलाचा पातळ हात फिरवावा आणि 200 अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये 8 ते 10 मिनिटे भाजावेत. मध्ये एकदा उलटावेत. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या तव्यावर मध्यम आचेवर भाजले तरी चालते, फक्त घाई करू नये. मोठ्या आचेवर पाव बाहेरून करपतो आणि आतून ओलाच राहतो. भाजलेले काप एकमेकांवर रचून ठेवू नयेत, जाळीवर सुटे ठेवावेत.

पाव गरम असतानाच लसणाची सोललेली पाकळी अर्धी कापून तिची कापलेली बाजू त्यावर एकदा-दोनदा घासावी. भाजलेल्या पावाचा खरखरीत पृष्ठभाग किसणीचे काम करतो आणि लसूण अगदी पातळ थराने उतरतो. कच्च्या लसणाचा उग्रपणा लवकर वरचढ होतो, त्यामुळे येथे हात आखडता ठेवलेला बरा.

आता मुख्य टोस्टकडे वळू. सुमारे 12 टोस्टसाठी सोललेली 250 ग्रॅम मध्यम आकाराची कोळंबी पुरते. गोठवलेली कोळंबी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, किंवा बंद पिशवीत घालून ती पिशवी थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून मोकळी करावी. गरम पाण्याचा मोह टाळावा. पाठीवर उभा छेद देऊन काळा धागा काढावा, कोळंबी धुवावी आणि कागदी रुमालात दाबून पूर्ण कोरडी करावी. हे कोरडे करणे अनेकजण उरकून टाकतात, पण खरा फरक येथेच पडतो: ओली कोळंबी तेलात परतली न जाता स्वतःच्या पाण्यात उकडते आणि तिला रंग येत नाही. अमोनियासारखा उग्र वास येत असल्यास ती सरळ टाकून द्यावी. लिंबाचा रस आधी लावून ठेवू नये, कारण आम्लामुळे मांस शिजण्याआधीच आवळू लागते.

लसणाच्या 3 पाकळ्यांचे पातळ काप करून ते 3 मोठे चमचे ऑलिव्ह तेलात, तेल थंड असतानाच घालावेत आणि मंद आचेवर ठेवावे. असे केल्याने लसूण करपण्याआधी त्याचा सगळा स्वाद तेलात उतरतो. स्पेनमध्ये लसूणतेलातील कोळंबी अशाच लसूण मुरलेल्या तेलात केली जाते. कापांच्या कडा फिकट सोनेरी होऊ लागल्या की चिमूटभर चिली फ्लेक्स घालून आच वाढवावी, कोळंबीवर मीठ भुरभुरावे आणि ती एका थरात पसरावी. पहिल्या मिनिटात तिला हलवू नये. खालची बाजू गुलाबी झाली की उलटून आणखी साधारण एक मिनिट ठेवावे. कोळंबी अर्धवर्तुळासारखी वळून मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले की ती शिजली. शेपूट डोक्याच्या टोकाला टेकून पूर्ण गोल झाली की ती जास्त शिजून चिवट होऊ लागली आहे. आचेवरून उतरवल्यावरही भांड्याच्या उष्णतेने ती थोडी शिजत राहते, म्हणून किंचित आधीच उतरवावी. त्यानंतर लिंबाची किसलेली साल, एक छोटा चमचा रस आणि बारीक चिरलेली पार्सली घालावी.

कोळंबीच्या खाली टोमॅटोचा थर हवा. दोन मध्यम टोमॅटोंच्या बिया काढून बारीक चिरावे, पाव छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत पंधरा मिनिटे ठेवावे. खाली वाटीत जमणारे पाणी पाहिले की हे सगळे पाणी पावात मुरले असते हे लगेच लक्षात येते. ते पाणी टाकू नये. कोळंबी काढल्यावर त्याच तेलात ओतून मोठ्या आचेवर आटवले की तव्याला चिकटलेला अर्क सुटतो आणि वरून घालण्यास उत्तम रस मिळतो. निथळलेल्या टोमॅटोत थोडे तेल आणि हाताने तोडलेली बेझिलची पाने मिसळावीत. वाढण्याच्या वेळी टोस्टवर आधी टोमॅटो, त्यावर दोन कोळंब्या, शेवटी तो आटवलेला रस, या क्रमाने रचावे आणि दहा मिनिटांच्या आत खावे.

समुद्री पदार्थांबरोबर चीज वापरू नये, असा आग्रह इटलीत वारंवार ऐकू येतो. तो मानायलाच हवा असे नाही, कारण शेजारच्या ग्रीसमध्ये कोळंबी, टोमॅटो आणि फेटा चीज यांचा सागानाकी हा पदार्थ लोकप्रिय आहे. टोमॅटोवर फेटाचा थोडा चुरा घातल्यास मीठ मात्र कमी करावे.

कोळंबीऐवजी माकूळ वापरायचे असेल, तर त्याच्या कड्या कोरड्या करून अतिशय तापलेल्या तव्यावर एक ते दोन मिनिटेच परताव्यात. माकूळ एकतर झटपट शिजवावे, नाहीतर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. मधल्या वेळात ते रबरासारखे होते. शिंपले वापरताना शिजवण्यापूर्वी टिचकी मारूनही न मिटणारे आणि शिजल्यानंतरही न उघडणारे शिंपले टाकून द्यावेत.

डबाबंद माशांना कमी लेखण्याचे कारण नाही. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीत त्यांना मानाने वाढले जाते. तेलातील ट्यूनाचा एक डबा निथळून, उकडलेल्या पांढऱ्या बीन्सच्या वाटीभर लगद्यात मिसळावा, त्यात चिरलेले केपर्स (खारवलेल्या आंबटसर कळ्या), लिंबाची साल आणि मिरपूड घालावी. बीन्सचा लगदा घट्ट असल्याने पाव बराच वेळ कुरकुरीत राहतो, त्यामुळे पाहुणे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर मी कोळंबीपेक्षा हाच प्रकार निवडेन. सर्वांत सोपा टोस्ट म्हणजे मीठविरहित लोणी आणि त्यावर मिठात मुरवलेल्या अँकोव्ही या छोट्या माशाची एक पट्टी. लोणी थंड आणि जाड थरात असावे, कारण अँकोव्हीचा खारटपणा त्यानेच आवरतो. येथे वेगळे मीठ मुळीच नको.

आधी करून ठेवण्याजोगे बरेच आहे. भाजलेला पाव पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद डब्यात दिवसभर टिकतो, ट्यूनाचे मिश्रण आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवता येते. कोळंबी मात्र शेवटच्या क्षणीच परतावी. लसूण घातलेले तेल बाहेर ठेवून साठवू नये. हवा न लागणाऱ्या त्या वातावरणात बोटुलिझमचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. वाढलेले समुद्री पदार्थही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नयेत. पाहुण्यांपैकी कोणाला कवचधारी जीवांची ॲलर्जी असल्याची चौकशी आधीच करावी आणि तसे असल्यास तवा, चिमटा व ताट वेगळे ठेवावे. शाकाहारी पाहुण्यांसाठी ऑलिव्हचा तापनाद (वाटलेली चटणी) आणणार असाल तर घटक वाचावेत, कारण दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या पारंपरिक पद्धतीत त्यात अँकोव्ही असते.

कोळंबी आणि तेल उरल्यास लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी उकडलेल्या पास्तात घालावे, आणि उरलेले टोस्ट जाडसर कुटून, थोड्या तेलात परतून त्यावर भुरभुरावेत, दक्षिण इटलीत चीजऐवजी पावाचा चुरा वापरतात तसे.