विकिपीडियावरून उडालेला लेख परत कसा मिळवला (माझा अनुभव)

झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) दंडार या लोकनाट्यावर मी मराठी विकिपीडियावर लेख लिवला होता, मंडईत (दिवाळीनंतरच्या गावजत्रेत) म्हाताऱ्या कलाकाराईजवळ बसून बसून. संदर्भ दिले नव्हते, म्हणून लेख वगळला गेला, उघडला तं पान कोरं. लय जीव तुटला.

गुगलची कॅशे (गुगलनं जपलेली पानाची प्रत) पाह्यली, ते २०२४ पासून बंदच हाये. वेबॅक मशीनवरबी (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साईट) प्रत नव्हती.

मंग हे जमलं: लॉगिन करून त्याच नावाचं पान उघडलं, तिथं वगळल्याची नोंद दिसते, कोणत्या प्रचालकानं (विकिपीडियाच्या अ‍ॅडमिननं), कधी अन् का वगळलं ते. वगळलेला मजकूर प्रचालकाले दिसते. त्याहिच्या चर्चापानावर लिवलं, "लेख पूर्ण इतिहासासकट माझ्या सदस्य उपपानावर (माझ्या खात्याखालच्या पानावर) हलवून द्या, संदर्भ जोडतो." दिला. (नक्कल करून टाकलेला असन तं देत नाहीत.)

लगेच मराठी विकिपीडियावरचं निर्यातीचं विशेष पान (Special:Export) उघडलं, उपपानाचं पूर्ण नाव टाकलं, 'फक्त सध्याची आवृत्ती'ची खूण काढली, अन् एक्सएमएल फाईल उतरवली. खूण राह्यली तं जुन्या आवृत्त्या अन् लिवणाऱ्याईची नावं जातात, विकिपीडियाच्या परवान्यात लिवणाऱ्याईचं श्रेय द्या लागते, म्हणून ते लागतात. शेवटी उपपान वेबॅकमधी सेव्ह केलं.