अंजनेरीच्या फुललेल्या पठारावर जाण्याआधी

आधी तारीख ठरवा. नाशिकजवळच्या अंजनेरी गडाचं पठार ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर सरेपर्यंत फुललेलं असतं आणि दर आठवड्याला तिथलं चित्र बदलतं. गणपतीच्या सुमारास ओल्या कातळावर सीतेची आसवं आणि गेंद, उतारांवर तेरडा. पाऊस ओसरू लागला की कवला फुलतो आणि मागोमाग सोनकीनं उतार पिवळे होतात. शक्य असेल तर मधला वार धरा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबक रस्त्यावर लाखोंनी लोक येतात आणि खासगी गाड्या अडवल्या जातात, तेव्हा तो सोमवार आणि आदला रविवार सोडूनच द्या. २०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्या वर्षी स्नानांच्या तारखा बघितल्याशिवाय गाडी काढू नका.

तारीख ठरली तरी आदल्या दोन दिवसांचा पाऊस बघा. सलग झोडपलं असेल तर बेत पुढे ढकला. गडावर चढणाऱ्या पायऱ्या दोन कड्यांमधल्या नाळेतून जातात आणि पठारावरचं पाणी खाली यायची वाटही तीच. वर मोठी सर झाली की पायऱ्यांचा ओढा होतो आणि आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबला तरी पाणी काही वेळ चढतच राहतं. उतरताना असं झालं तर घाई करू नका. घोट्याच्या वर वेगानं वाहणारं पाणी माणसाचा पाय सहज उचलतं. नाळेच्या तोंडाशी दगड येऊ शकतात, तिथून बाजूला होऊन, विजा नसतील तर, पठारावर उघड्यावर थांबा. सर थांबल्यावर तास-दोन तासांत जोर ओसरतो. या वाट बघण्यासाठीच सॅकमध्ये कोरडा शर्ट आणि थोडा जास्तीचा खाऊ हवा.

आता बूट. माळ्यावर वर्षभर पडलेले बूट आठ दिवस आधी काढा, वाकवून बघा आणि घालून दोनदा गंगापूर रोडला फेरी मारून या. न वापरलेल्या बुटांचा सोल आणि डिंक आतून कुजतो. बाहेरून बूट नवा दिसतो आणि निम्म्या वाटेवर तळवा उघडतो. दोन हात मजबूत सुतळी बरोबर ठेवा, सुटलेला सोल तिनं बांधून खाली येता येतं. सपाट तळव्याचे स्पोर्ट शूज पायऱ्यांवरच्या शेवाळावर घसरतातच. खोल खाचांचा, मऊ रबराचा सोल धरतो. शेवाळ काळपट आणि तुकतुकीत दिसलं तर ते टाळून पायरीच्या खडबडीत भागावर, पूर्ण पाऊल टेकवत पाय ठेवा. निघण्याआधी बुटांच्या खाचांतली वाळलेली माती घरीच ब्रशनं काढा. त्या मातीतून गाजरगवताचं बी वर गेलं तर ते या पठाराला फार महागात पडेल.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे, पण जीन्स नको. भिजली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. छत्री घरी ठेवा. पठारावरचा वारा ती पहिल्याच झटक्यात उलटी करतो, शिवाय पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. रेनकोट किंवा टोपीचं जाकीट घ्या. सॅकवर कव्हर असलं तरी आत एक मोठी जाड पिशवी घालून सामान तिच्यात भरा, कारण पाणी पाठीच्या बाजूनं आत शिरतं आणि तिथं कव्हर नसतं. जास्तीचे मोजे दोन जोड.

पाणी माणशी अडीच लिटर. गडावर तलाव आहे, पावसात जागोजागी झरेही दिसतात, पण गुरं आणि माकडं तेच पाणी वापरतात. खायला असं न्या जे भिजलं, दबलं तरी चालतं आणि ज्याचा वास लांब जात नाही: दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू, काकडी. वासाचा मुद्दा माकडांमुळे. पायऱ्यांवर आणि देवळापाशी त्यांच्या टोळ्या असतात आणि कॅरीबॅगची कुरकुर त्यांना बरोबर ओळखता येते. हातात पिशवी, गळ्यात लटकणारी बाटली, पाकिटातले वेफर्स, काहीच दिसू देऊ नका. सगळं चेनबंद सॅकमध्ये. माकडानं काही ओढलंच तर सोडून द्या. त्या अरुंद पायऱ्यांवर ओढाओढीत तोल जाण्याचा धोका खाण्यापेक्षा मोठा आहे.

औषधांच्या डबीत क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, ओआरएसच्या दोन पुड्या आणि ज्याचं रोजचं औषध आहे त्याचा एक जास्तीचा डोस. एक काठी घ्या. उतरताना गुडघ्याला आधार होतो आणि गवतात पाऊल टाकण्याआधी पुढे आपटता येते. हात टेकवण्याआधी कपारीत बघा. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, माणसाला शक्यतो चालवायचं नाही आणि १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

नाशिकहून सहाला निघा. त्र्यंबक रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाटा. बसनं जाणाऱ्यांनी त्र्यंबकेश्वरची बस धरून तिथंच उतरावं. पण फाटा आणि गावापासून वनखात्याच्या नाक्यापर्यंत चढणीचा चांगलाच रस्ता आहे, तो पायी धरून तासभर जास्तीचा ठेवा. नाक्यावर शुल्कासाठी सुटे पैसे जवळ असू द्या. तिथून पायऱ्या लागतात. वाटेत उजेडाकडे तोंड केलेलं कोरीव जैन लेणं आहे, तिथं दम घ्या. पायऱ्या संपल्या की पहिलं पठार, अंजनीमातेचं मंदिर, पुढे पावलाच्या आकाराचा तलाव, सीतेची गुहा आणि त्यावरचा दुसरा चढ. गुहेचं दार बुटकं आणि आत अंधार, म्हणून टॉर्च हवा. मोबाइलची बॅटरी नकाशासाठी राखा. सव्वाचार हजार फुटांच्या या डोंगरावर धुकं दहा मिनिटांत उतरतं आणि सपाट पठारावर दिशा कळत नाही. मंदिर आणि तलाव या दोन खुणा नकाशात आधीच उतरवून ठेवा.

तटबंदी, बुरूज बघायला जाणार असाल तर इथं ते फारसं नाही. कडे हाच या किल्ल्याचा तट. राघोबादादा पेशवे उन्हाळ्यात इथं येऊन राहत, यावरून वरच्या हवेची कल्पना यावी.

आणि आता ज्यासाठी एवढं चढायचं ते. पठारावर कातळाच्या वर काही बोटं जाडीची माती आहे आणि सगळी फुलं तिच्यावर जगतात. सीतेची आसवं तर ओल्या थरात बारीक पिशव्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरते, कारण त्या मातीत पोषण जवळजवळ नाहीच. तिथं बूट पडला की माती दबते, पाणी साचायचं थांबतं आणि पावलाएवढा डाग पुढच्या वर्षीही रिकामा राहू शकतो. म्हणून पाऊल मळलेल्या वाटेवर किंवा उघड्या दगडावर, आणि फोटोसाठी आडवं पडायचं नाही. दगडावर बसा, कॅमेरा खाली धरा, स्क्रीनवर बघून टिपा. झूम असलेली लेन्स किंवा मोबाइलची क्लिप लेन्स एवढ्यासाठीच न्यायची.

याच पठारावरून २००६ मध्ये एक नवीन कंदीलपुष्प जगासमोर आलं, सिरोपेजिया अंजनेरिका. गवताच्या उंचीचं झाड, त्यामुळे शोधायला गेलात तर आधी पायाखाली जाईल. वाटेच्या कडेला उभं राहून नजरेनं शोधा. फुलाची नळी जवळून बघा: आतले केस खाली वळलेले असतात. छोटी माशी आत उतरते, पण तिला वर येता येत नाही. केस सुकले की परागकण घेऊन ती सुटते. याचा कंद जमिनीत असतो, झाड उपटलं की तो जातो आणि मोजक्या डोंगरांवर उरलेल्या या वनस्पतीचं तेवढं कायमचं नुकसान होतं. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, म्हणून कड्याच्या काठी आरडाओरडा आणि ड्रोन दोन्ही नको.

दुपारी दोनच्या आत पायऱ्या उतरायला लागा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो आणि उघड्या पठारावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. गडगडाट ऐकू आला तर काठी, ट्रायपॉड खाली ठेवा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, उतार धरा.

खाली आल्यावर अंधार पडायला तासभर असेल तर गावातली पडकी मंदिरं बघूनच परता. त्यातल्या जैन मंदिरात शके १०६३ चा शिलालेख आहे. यादव राजा सेउणदेवाच्या काळात मंदिराला काही दुकानांचं उत्पन्न दिल्याची त्यात नोंद आहे. घरी आल्यावर बूट उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत ठेवा, रात्री एकदा कागद बदला.