जुना डोंगरी द्राक्षमळा पुन्हा उभा करताय? या चुका टाळा

पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात पडीक मळे घेऊन वाइन करायला नवी मंडळी दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. मी निफाडच्या द्राक्षबागेत वाढलो, आता इथल्या उतारावर काम करतो. १७५६ साली सरकारने हद्द आखून दिलेला हा वाइनचा मुलूख. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने वेलांची मुळं खाल्ली, अनेक मळे ओस पडले. डोंगरउतारावरच्या त्या ओस पायऱ्यांना इथे 'मोर्तोरियु' म्हणतात. हाती येतं ते बहुधा हेच: झुडपं, ढासळलेल्या ताली (पायऱ्यांना आधार देणाऱ्या दगडी भिंती) आणि मधूनच तग धरून राहिलेले वेल.

ताल सिमेंटने बांधणे. ही चूक बघितली की माझा जीव तुटतो, कारण ती माझ्या हातून झाली आहे. पहिल्याच वर्षी दोन पुरुष उंचीच्या तालीचं पोट सुटलं होतं. ठेकेदार म्हणाला, सिमेंटमध्ये चार दिवसांत उभी करतो. मी हो म्हटलं. हिवाळ्यात पाऊस लागला. कोरड्या रचाईत पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जातं. सिमेंटच्या तालीत ते भिंतीमागे तुंबलं. जानेवारीतल्या एका पहाटे बारा मीटर ताल खालच्या पायरीवर आली आणि चाळीसेक जुने वेल गाडले गेले. चिखलातून बाहेर आलेले ते मनगटाएवढे खुंट अजून डोळ्यांपुढे आहेत.

नंतर गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने ती ताल चुन्याचा कणही न वापरता उभी केली. पायाला थोर दगड, प्रत्येक थरात सांधेमोड, भिंतीचा कल डोंगराकडे आणि पाठीमागे हातभर चिपांचा भराव. इथला शिस्ट पदर सुटणारा दगड. गवंडी प्रत्येक तुकडा हातोडीने वाजवून बघायचा आणि बद्द वाजला की भरावात टाकायचा. कोकणातला गडगा रचणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. तेव्हापासून मी ताल उतरवताना पायाचे, मधले आणि माथ्याचे दगड वेगळे मांडून ठेवतो, चिपा फेकू देत नाही. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पायऱ्या पायी फिरतो आणि पोट सुटलेल्या जागी चुन्याने खूण करतो. घाई असेल त्याने सपाट जमीन घ्यावी.

जुने वेल उपटणे. 'माल कमी, जातीही मिसळलेल्या' म्हणून नवखे सरळ नांगर घालतात. जुन्या मळ्यांत एकाच ओळीत तूरिगा फ्रांका, तिंता बारोका अशा काळ्या जाती, मधूनच पांढरी द्राक्षं असं सगळं असतं. ते सगळं एकत्र तोडून एकत्र आंबवायचं, अशी इथली जुनी रीत. मी दोन वर्षं नुसती नोंद केली: पानं फुटताना, मणी रंगताना आणि पानं लाल होताना प्रत्येक वेलापुढे उभं राहून. जात कळेपर्यंत कात्रीशिवाय काही लावू नका.

दाब कलमाने तूट भरणे. शेजारच्या वेलाची काडी मातीत दाबली की फुकटात रोप मिळतं, हे खरं. पण ते स्वतःच्या मुळांवर वाढतं आणि फायलोक्सेरा मातीत अजून आहे. या किडीला दाद न देणारा अमेरिकन खुंट लावा, तो रुजला की आपल्याच जुन्या वेलाची काडी त्यावर जागेवर बांधा. नाशिककडे डॉगरिज या खुंटावर आपण हेच करतो. दोन वर्षं जास्त लागतात, तेवढी लागू द्या.

नाशिकची छाटणी इथे आणणे. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. इथे वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी तेव्हाच आणि एकदाच.

तळघर ब्लीचिंगने धुणे. लाकडावरची बुरशी आणि क्लोरीन एकत्र आले की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, आणि तो जात नाही. मी गरम पाणी आणि ब्रश वापरतो.

जुनी पिंपं न हुंगता भरणे. बूच काढा, नाक आत घाला. सिरक्याचा वास आला तर ते पिंप तळघराबाहेर काढा. कितीही धुतलं तरी त्यात वाइन घालू नका.