फरशी पुसताना या चुका टाळा

रोज पुसूनही फरशी चिकट लागते आणि पावलांचे ठसे उमटतात, ही तक्रार ज्या घरांत असते तिथे दोष बहुधा बादलीतल्या साबणाचा असतो. जास्त साबण घातला की जास्त स्वच्छता होते, हा समज काही केल्या जात नाही. पाणी सुकते, साबण मात्र फरशीवरच राहतो आणि त्या थरावर नवी धूळ घट्ट बसते. अशा फरशीला आणखी साबण न लावता दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसावे. मी बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य साबणापेक्षा अधिक घालत नाही, फडके खळबळायला साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवते आणि ते पाणी गढूळ झाले की लगेच बदलते.

दगडी फरशीवर व्हिनेगर किंवा लिंबू वापरणे ही चूक मात्र सहजासहजी भरून निघत नाही. एका परिचितांनी संगमरवरावरचा डाग झटपट जावा म्हणून त्यावर व्हिनेगर ओतून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी तिथे पांढुरका, निस्तेज पट्टा होता, ओघळ गेला तिथपर्यंत त्याची कड स्पष्ट दिसत होती आणि बोट फिरवले की खरखर लागत होती. त्यांनी तो पट्टा कितीतरी वेळ घासला. पण संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि ते आम्लात विरघळते, त्यामुळे घासून जाईल असे तिथे काही उरलेच नव्हते. शेवटी पुन्हा पॉलिश करून घ्यावे लागले. सिरॅमिक टाइल्सना पातळ केलेले व्हिनेगर सहसा चालते, परंतु त्यांमधले सिमेंटचे सांधे वारंवार वापराने झिजतात.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळून येणाऱ्या फेसाला भुलू नये. दोन्ही एकमेकांचा प्रभाव मारतात. ब्लीचमध्ये तर व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

केर न काढता ओले फडके फिरवले की धुळीचा चिखल होतो. लाकडी आणि लॅमिनेट फरशीवर फडके घट्ट पिळूनच फिरवावे, नाहीतर सांध्यांत पाणी मुरून कडा फुगतात. काम संपल्यावर फडके धुऊन उघड्यावर वाळत घालावे; बादलीत बोळा करून टाकलेल्या फडक्याचा कुबट वास पुढच्या खेपेला खोलीभर पसरतो.