सभेत बोलायचंय? आधी पाचजणी जमवा

गोव्यातल्या बायका आवाज काढायला भीत नाहीत. धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावर (अंगणात), चवथीच्या फुगडीत, भजनी मंडळात त्यांचा आवाज वाड्यापलीकडे जातो. अडतं ते दुसरीकडेच. एकटीनं उभं राहून, हातात माईक धरून स्वतःचं म्हणणं मांडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. मांडावर शेजारी दुसरी असते आणि शब्द ठरलेले असतात. सभेत दोन्ही नसतं, आणि समोरचे सगळे आपल्याकडेच बघत असतात. सराव करायचा तो याच गोष्टींचा. आरशासमोर तो होत नाही, कारण आरशात परका चेहरा नसतो.

म्हणून गट लागतो. पण नुसत्या धीर देणाऱ्यांचा नव्हे. ‘कांय जायना गो, तूं उलय’ (काही होत नाही गं, तू बोल) एवढ्यानं कुणाची धडधड थांबत नाही. गटाला काम वाटून दिलेलं असावं लागतं.

गट कसा जमवावा

पाच ते सातजणी पुरेत. त्याहून कमी असल्या आणि एक गैरहजर राहिली, तर समोर श्रोते असल्यासारखं वाटत नाही. आठांच्या वर गेल्या तर प्रत्येकीला उभं राहायला वेळ मिळत नाही. आठवड्यातून एकदा, दीड तास, सलग आठ आठवडे. जागा कुणाच्या घरची ओसरी, बालवाडीची खोली किंवा देवळाची अग्रशाळा चालेल. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर टाळा; सर आली की काहीच ऐकू येत नाही आणि नवखी बाई आपलाच आवाज लहान आहे असं धरून बसते.

सासू-सून किंवा जावा-जावा एकाच गटात नकोत. दोघींचं कितीही पटत असलं तरी. घरची माणसं समोर असली की बाई जपून बोलते, आणि जपून बोलण्याचा सराव तिला आधीच भरपूर असतो. गटात एखादी बोलायला सरावलेली असावी: निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी सेविका, स्वयंसाहाय्य गटाची अध्यक्ष. मात्र तिनंही आपली पाळी घ्यायची. ती नुसती शिकवायला बसली की गटाचा वर्ग होतो आणि बाकीच्या पुन्हा विद्यार्थिनी.

पहिल्याच दिवशी दोन नियम ठरवा. इथे जे बोललं जाईल ते बाहेर जाणार नाही. मोबाइलवर चित्रण करायचं तर बोलणाऱ्या बाईच्याच फोनवर. कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते टाकायचं नाही, कौतुकानंही नाही. असे गट मोडतात ते बहुतेक याच कारणानं.

आणि चहा शेवटी. आधी चहा झाला की पाऊण तास गप्पांत जातो.

पायऱ्या

बैठकीची सुरुवात पाच मिनिटं एकत्र आवाज काढून करा. फुगडीचं एखादं गाणं सगळ्यांनी म्हणावं, मग एका ओळीला एकजण, पुढच्या ओळीला दुसरी. गळा आणि श्वास दोन्ही मोकळे होतात, आणि एकटीचा आवाज खोलीत उमटल्याची सवय लागते.

पहिल्या आठवड्यात बसूनच वर्तमानपत्रातली बातमी एक मिनिट मोठ्यानं वाचायची. दुसऱ्यात तीच उभं राहून वाचायची आणि मग कागद खाली ठेवून आपल्या शब्दांत सांगायची. तिसऱ्यात आपल्याला हातखंडा असलेलं काम दोन मिनिटं समजावून सांगायचं. भिरंडांची (कोकमांची) सोलं कशी करावीत, गणपतीवरची फळांची माटोळी कशी बांधावी, काहीही. हा आठवडा गाळू नका. माहितीचं काम सांगताना मन स्वतःवरून उठून त्या कामावर जातं, आणि गप्प बसणाऱ्या बायकाही इथे बोलायच्या थांबत नाहीत.

चौथ्या आठवड्यात मत मांडायचं: वाड्यावरचा नळ, गटार, बंद पडलेला पथदिवा. पाचव्यात तेच भाषण, पण मध्ये अडथळे आणून. एकीनं उलटा प्रश्न विचारायचा, एकीचा फोन वाजायचा, एकीनं उठून जायचं. हे अडथळे आधी सांगून ठेवलेले असावेत. अचानक आणले तर थट्टा वाटते. सहाव्यात माईक. सातव्यात गटाबाहेरची चार-पाच माणसं बोलवा, त्यात दोन तरी पुरुष असू देत. आठव्यात प्रत्यक्ष जागी, रिकाम्या सभागृहात.

प्रत्येकीनं बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर आपली भीती ० ते १० मध्ये मोजून वहीत लिहावी. बोलून झाल्यावरचा आकडा साधारण निम्म्यावर आला तरच पुढची पायरी. आठाचा आठच राहिला तर तीच पायरी पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्यात कमीपणा नाही.

एखादी मध्येच थांबली, रडू आलं, बसली, तर तिला पाणी द्या, पाच मिनिटं जाऊ द्या आणि त्याच बैठकीत तिला पुन्हा उभी करा, अर्ध्या मिनिटासाठी का होईना. नुसतं नाव आणि वाडा सांगितला तरी चालेल. कारण असं: घाबरल्यावर शरीरात अॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, हात कापतात, तोंड सुकतं. हा जोर बहुधा बोलण्याच्या आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांतच सर्वांत जास्त असतो, मग आपोआप उतरतो. त्या आधीच पळ काढला तर सुटका पळण्यामुळेच झाली असं शरीर शिकतं, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. ‘नको तर नको, पुढच्या वेळी बोल’ असं म्हणणारी मैत्रीण प्रेमळ असते, पण तिनं नुकसानच केलेलं असतं.

ऐकणाऱ्यांचं काम

‘छान बोललीस’ यावर बंदी घाला. त्यातून काहीच कळत नाही, आणि मनातून सगळ्यांना ते खोटं वाटतं. प्रत्येक श्रोतीनं एक पोचलेली गोष्ट सांगायची (‘तिठ्यावरचा खड्डा तू हातानं दाखवलास तेव्हा तो मला दिसला’) आणि एकच बदल (‘शेवटचं वाक्य गिळलंस’). साडी, अंग, आवाजाचा बारीकपणा यांबद्दल अवाक्षर नाही. एक श्रोती फक्त घड्याळ बघेल. दुसरी ‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय’ किती वेळा आलं ते मोजेल, पण आकडा विचारला तरच सांगेल.

बोलणारीनं बसण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: माझे हात कापत होते ते दिसलं का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हेच दाखवलं: बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडलीशी वाटते तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही, आणि ही गोष्ट आधी सांगितलेली माणसं बोललीही जास्त बरी. पाचजणींच्या तोंडून ते ऐकलं की जास्त खरं वाटतं.

कार्ड, बांगड्या, माईक

भाषण पाठ करू नका. एक ओळ निसटली की पुढचं सगळं जातं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असावं, मधले तीन मुद्दे कार्डावर. साधा कागद नको. बारीकशी थरथरही त्यावर मोठी दिसते आणि माईकजवळ तो फडफडतो. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू उत्तम. जाड असते, तळहातात मावेल एवढी कापता येते. एका कार्डावर एक मुद्दा, मार्करनं, चार-पाच शब्दांत. कोपऱ्यात आकडा टाकून सुतळीनं ओवा, म्हणजे खाली पडली तरी क्रम जात नाही. तीन मिनिटांत साधारण तीनशे ते साडेतीनशे शब्द बसतात. जास्त लिहून नेलं की घाई होते, घाईत दम लागतो आणि तो दम भीतीसारखाच वाटतो.

‘मला काही बोलता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या’ ही सुरुवात काढून टाका. तोवर कुणी चुका शोधत नसतं, त्या वाक्यानंतर शोधू लागतं.

भाषेचं दडपणही मोठं. घरी कोंकणी, व्यासपीठावर मराठी, त्यामुळे बाई पुस्तकी मराठी जुळवत बसते आणि मुद्दाच विसरते. मुद्दे ज्या भाषेत सुचतात त्या भाषेत कार्डावर लिहा, आणि बोलताना एखादं वाक्य कोंकणीत गेलं तर जाऊ द्या. समोरचेही तसेच बोलतात.

माईक तोंडापासून चार बोटांवर, किंचित हनुवटीकडे कललेला. सरळ ओठांसमोर धरला तर प, फ, भ यांना फटकारे बसतात. जाळीवर मूठ आवळू नका आणि स्पीकरच्या पुढ्यात उभ्या राहू नका. शिट्टी येते ती त्यामुळे. ज्या हातात काचेच्या बांगड्या कमी त्या हातात माईक धरा, नाहीतर प्रत्येक हालचालीला किणकिण ऐकू जाते. पदराला लावायचा लहान माईक असेल तर तो मंगळसूत्राच्या टप्प्याबाहेर लावा. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो, तिथे वाक्यामागे एक श्वास थांबा.

पहिलं काम कोणतं घ्यावं

नवखीला सहसा आभारप्रदर्शन देतात, ‘दोनच मिनिटं तर आहेत’ म्हणून. ते घेऊ नका. लोक उठायला लागलेले असतात, आणि यादीतलं एक नाव सुटलं की वर्षभराचा रुसवा. त्यापेक्षा पाहुण्यांचा परिचय मागून घ्या. मजकूर आधी हाती येतो, दीड मिनिटात संपतो आणि सगळ्यांच्या नजरा पाहुण्यांकडे असतात. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचा कार्यक्रम या कामाला चांगला.

ग्रामसभेच्या दिवशी

राखीव प्रभागातून निवडून आलेल्या नव्या पंच बाईला वा वाड्यावरचा प्रश्न घेऊन जाणारीला खरी परीक्षा इथे. गोव्यात साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत रविवारी होतात, त्यामुळे आठ आठवडे मागे मोजून गट सुरू करता येतो. प्रश्न आधीच लेखी स्वरूपात पंचायतीत देऊन पोचपावती घ्या. गोंधळात आवाज बुडाला तरी कागद राहतो.

गटातल्या सगळ्यांनी यायचं, पण एका घोळक्यात बसायचं नाही. दोघी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. बोलणारीनं नजर या दोघींमध्ये फिरवावी, म्हणजे सगळ्या सभेकडे बघितल्यासारखं दिसतं. एक तिच्या शेजारी बसेल, पाण्याची बाटली आणि जास्तीचं कार्ड घेऊन. पाणी साधं, थंडगार नको. चौथीचं काम सर्वांत महत्त्वाचं: कुणी मध्ये तोडलं तर उभं राहून, न चिडता, एकच वाक्य म्हणायचं, ‘सरपंचबाब, तिचं पुरं होऊ दे.’ मुद्दा तिनं पुढे न्यायचा नाही, उत्तरही द्यायचं नाही. मैत्रिणीनं मदतीच्या भरात तोंडातला मुद्दा काढून घेतला की बोलणारी बसते ती कायमची. खालून शब्द पुरवणंही तसंच घातक. अडली तर शेजारणीनं फक्त कार्डावर बोट ठेवावं.

पाळी यायला तास-दोन तास लागतात. सकाळी भाजीपाव नेहमीसारखा खा, उपाशी जाऊ नका, पण चहाचे जादा कप नकोत, धडधड वाढते. नाव पुकारायच्या आधी पाच-सहा वेळा चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. उठल्यावर दोन्ही पावलांवर सारखं वजन, निऱ्या पायात नाहीत ना ते बघा. मग नाव, वाडा, प्रश्न, मागणी, या क्रमानं दोन मिनिटांत.

कुणी ‘ही गोळी घे, हात कापत नाहीत’ म्हणून आपल्या पर्समधली गोळी देईल. घेऊ नका. त्यासाठी वापरतात ती प्रोप्रानोलोलसारखी औषधं दमा असलेल्यांना धोक्याची असतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. आणि सभेच्या नुसत्या विचारानं कुणाची झोप उडत असेल, किंवा दुकानात, बँकेतही बोलणं टळत असेल, तर गट पुरा पडणार नाही. बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

सभा संपल्यावर दोन दिवसांत गटानं पुन्हा बसावं आणि वहीत तिचे आकडे भरावेत. पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचलं जातं, तेव्हा तिचा प्रश्न त्यात आहे का ते कान देऊन ऐका. नसला तर तीच तक्रार तिचं पुढचं दोन मिनिटांचं भाषण.