पायथॉन शिकताय? पुस्तक ई-बुकवरच वाचा, पण असं

टीममध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, पुस्तक विकत घेऊ की ई-बुकवर भागेल? प्रोग्रामिंग भाषेच्या पुस्तकापुरतं माझं उत्तर ठाम आहे: ई-बुक. किमतीचा भाग आहेच, पण खरं कारण आवृत्तीचं. पायथॉनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला येते. 2023 साली आलेल्या 3.12मधून डिस्ट्यूटिल्स हे जुनं मॉड्यूल (पायथॉनसोबत येणारा तयार कोडचा संच) काढूनच टाकलं. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ते इम्पोर्ट करायला सांगितलं असेल, तर नव्या लॅपटॉपवर पहिल्याच ओळीला एरर येण्याची शक्यता मोठी. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. अल्गोरिदमची, ऑपरेटिंग सिस्टिमची तिथून खुशाल घ्या, त्यांचा गाभा लवकर शिळा होत नाही. भाषेचं किंवा फ्रेमवर्कचं पुस्तक मात्र ताजंच हवं.

त्यासाठी चोरीच्या पीडीएफ शोधत बसू नका. पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन ईपब या ई-बुकच्या रूपात मोफत उतरवून घेता येतं. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायचं असेल तर ‘प्रो गिट’ हे पुस्तकही लेखकांनी मोफत खुलं ठेवलंय.

आता फॉरमॅट. इथे नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पीडीएफचं पान पक्कं असतं. ईपबमधला मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वाहतो. साध्या गद्याला हे वाहणं सोयीचं, कोडला घातक. पायथॉनच्या पेप 8 या शैलीनियमांत ओळ 79 अक्षरांपर्यंत जाऊ शकते. मोबाइलवर ती मावत नाही, मोडते आणि उरलेला तुकडा डाव्या कडेपासून सुरू होतो. इतर भाषांत हे फार तर कुरूप दिसेल, पण पायथॉनमध्ये इंडेंटेशनलाच, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेलाच, अर्थ आहे. मोडलेला तुकडा नवी ओळ वाटतो, फॉर लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग) इथेच संपला असा समज होतो. म्हणून ज्या प्रकरणात कोड दाट आहे ते लॅपटॉपवर, पीडीएफमध्ये, शेजारी एडिटर उघडा ठेवून वाचा. समजावणीची प्रकरणं लोकलमध्ये मोबाइलवर ईपबमध्ये वाचायला हरकत नाही. हाताशी फक्त मोबाइल असेल तर तो आडवा धरा आणि सर्वात लांब ओळ न मोडता बसेल इतका फॉन्ट लहान करा. सहा इंची किंडलवर पीडीएफ वाचायचा हट्ट नको, डोळे दुखतील.

कोड कॉपी-पेस्ट करायचा मोह होतो. पीडीएफमधून उचललेल्या कोडमध्ये बरेचदा इंडेंटेशन गायब होतं, सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात, मध्येच पान क्रमांक घुसतो. हातानेच टाइप करा. फंक्शन सुरू करणाऱ्या डेफच्या ओळीच्या शेवटी कोलन लागतो हे बोटांना लवकर कळतं.

ई-बुकमधल्या सर्चचं कौतुक सगळे करतात, मलाही तो रोज लागतो. पण सर्च त्यालाच उपयोगी, ज्याला शब्द माहीत आहे. आणि शब्द माहीत असला तरी पायथॉनमधले ‘विथ’ किंवा ‘इन’ शोधून बघा, ढिगाने निकाल येतील. शेवटी दिलेल्या इंडेक्समध्ये ती संकल्पना जिथे खरोखर समजावलीय तेवढ्याच जागा असतात, म्हणून पीडीएफमध्येही आधी तोच उघडा. एरर आला असेल तर त्याची शेवटची ओळ बघा. तिथे कीएरर, टाइपएरर असं जे नाव असेल तेच शोधा.

टिपणांबद्दल माझा आग्रह आहे. अॅपमध्ये केलेले हायलाइट त्या फाइलपुरतेच राहतात, पुढच्या वर्षीची आवृत्ती उतरवली की त्यात ते नसतात. वेगळी साधी टेक्स्ट फाइल करा. तिच्यात पान क्रमांकाऐवजी उपप्रकरणाचं नाव लिहा, कारण ईपबमध्ये फॉन्ट बदलला की पानंही बदलतात.

सुरुवात अधिकृत ट्यूटोरियलच्या प्रकरण 3, 4 आणि 5पासून करा. चौथ्यात फंक्शनच्या डिफॉल्ट व्हॅल्यूबद्दल एक ठळक इशारा आहे, तिथलं लिस्टचं उदाहरण स्वतः चालवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लासेसचं नववं प्रकरण त्यानंतर. लायब्ररी रेफरन्स, म्हणजे सगळ्या मॉड्यूलांची माहिती देणारा भाग, मात्र सलग वाचायला घेऊ नका, काम पडेल तेव्हा त्या त्या मॉड्यूलपुरता उघडा.