उष्णतेने उघडणारे लायपोसोम : या संशोधनात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

कर्करोगाच्या गाठीला ऊब देऊन तेथेच औषध सोडणाऱ्या नॅनोकणांवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात की सुरुवात कोणत्या कणापासून करावी. एम.फार्म.नंतर काही वर्षे उष्णतासंवेदी लायपोसोमवर काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की सुरुवात तापमानापासून करावी.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पापुद्र्याची, साधारण १०० नॅनोमीटर व्यासाची पोकळ पिशवी. डीपीपीसी या लिपिडचा पापुद्रा सुमारे ४१ अंश सेल्सिअसला, थिजलेले तूप पातळ व्हावे तसा, आपली घट्ट रचना सोडतो आणि आतले औषध बाहेर पडू लागते. मिल्टन यॅटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना १९७८ मध्ये मांडली. पुढे ड्यूक विद्यापीठात डेव्हिड नीडहॅम आणि मार्क ड्युहर्स्ट यांनी पापुद्र्यात थोडे लायसोलिपिड (एकच शेपटी असलेला स्निग्ध रेणू) मिसळून हा वेग इतका वाढवला की डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध काही सेकंदांत सुटू लागले. रक्त गाठीतून झपाट्याने पुढे निघून जाते. तेवढ्या अवधीत औषध रक्तवाहिनीतच सुटले, तर कण वाहिनीच्या भिंतीतून पाझरून गाठीत साठण्याची वाट पाहावी लागत नाही. शरीराचे तापमान ३७ अंश आणि औषध सुटण्याचे ४१ ते ४२ : साऱ्या उपचाराला एवढीच जागा मिळते.

म्हणूनच वॉटर बाथच्या पडद्यावरील आकडा हे नमुन्याचे तापमान मानू नये. बाथ ४२ अंश दाखवत असला तरी नळीतला द्रव तेथवर पोहोचायला वेळ घेतो, आणि ज्या कणातून औषध सेकंदांत सुटते त्याच्या आलेखात हा विलंब कणाचाच गुणधर्म असल्यासारखा उमटतो. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, बारीक तार थेट द्रवात बुडवावी, माध्यम आधी तापवून घ्यावे, त्यात लायपोसोम अगदी थोड्या प्रमाणात मिसळावेत आणि ठरलेल्या क्षणी नमुना बर्फात ठेवावा. आत दाटीने भरलेल्या डॉक्सोरुबिसिनची प्रतिदीप्ती (प्रकाश पडल्यावर त्याने स्वतः चमकणे) दबलेली असते व सुटल्यावर वाढते, म्हणून त्यावरून किती औषध सुटले ते मोजता येते. शेवटी ट्रायटन हे साबणासारखे द्रव्य घालून सर्व लायपोसोम फोडले की शंभर टक्क्यांचा संदर्भ मिळतो. ही चाचणी केवळ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या क्षारद्रावणात) करून थांबू नये, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आग्रहाने सांगते. बफरमध्ये ३७ अंशांना टिकणारा कण रक्तद्रवात गळू शकतो, आणि असे वाटेतच गळलेले डॉक्सोरुबिसिन रुग्णाच्या हृदयापर्यंत पोहोचून त्याला इजाही करू शकते.

रुग्णांवरील चाचण्यांचा इतिहास वाचताना हाच धागा धरावा. थर्मोडॉक्स या औषधाची, म्हणजे डॉक्सोरुबिसिन भरलेल्या वरील लायसोलिपिडयुक्त लायपोसोमची, यकृताच्या कर्करोगावरील ‘हीट’ चाचणी ७०१ रुग्णांवर झाली. रेडिओलहरींच्या सुईने गाठ जाळताना तिच्या कडेच्या कोमट पट्ट्यात औषध सुटावे, अशी योजना होती. परंतु २०१३ मध्ये अपेक्षित लाभ दिसला नाही. ज्यांना ४५ मिनिटे किंवा अधिक काळ उष्णता मिळाली त्यांच्यात फायद्याची चिन्हे दिसल्याने ५५६ रुग्णांची ‘ऑप्टिमा’ चाचणी घेण्यात आली, आणि २०२० मधील अंतरिम विश्लेषणात तिच्याही यशाची आशा मावळली. सुईभोवतीच्या किती ऊतींना किती वेळ नेमके ४१ अंश मिळाले, हे प्रत्येक रुग्णात कळणे कठीण असते, आणि माझ्या मते खरी अडचण तेथे आहे. याउलट ऑक्सफर्डमध्ये केंद्रित अल्ट्रासाउंडने सौम्य ऊब देऊन १० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२०१८) गाठीतील औषधाचे प्रमाण सरासरी ३.७ पट वाढल्याचे आढळले. संख्या लहान आहे, तरी हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

प्रवेशपरीक्षांविषयी थोडक्यात सांगायचे तर एम.फार्म.साठी जीपॅट आणि पुढे पीएच.डी.साठी पार्श्वभूमीनुसार गेट किंवा सीएसआयआर-नेट उपयोगी पडते. मार्गदर्शक निवडताना मात्र त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीइतकेच लक्ष प्रयोगशाळेतील साधनांकडे द्यावे. गाठ तापवण्याचे साधन कोणते आहे, ऊतीच्या आतले तापमान कसे मोजतात, प्राण्यांवरील प्रयोगांना नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे निःसंकोचपणे विचारावे. औषधनिर्माणशास्त्रातून येणाऱ्यांनी रुजू होण्याआधी पेनेसचे १९४८ चे जैवउष्णता समीकरण स्वतः सोडवून पाहावे : वाहते रक्त गाठीतली उष्णता किती वेगाने हिरावून नेते, हे त्यातून आकड्यांत कळते.